पालथा ग्लास

"त्या टेबलाला कुणी हात लावायचा नाही," कर्नलसाहेबांनी मला दोनदा बजावलं होतं. सैनिक मदतनिधीसाठीची ही मेजवानी. पाहुणे निम्मे लष्करातले, निम्मे गावातले. कोपऱ्यात परत न आलेल्या जवानांचं टेबल मांडलेलं होतं. पांढरं कापड, रिकामी खुर्ची, एक गुलाब आणि पालथा ग्लास.

ही प्रथा समजावून सांगायला मी माइक हातात घेतला आणि हौसाक्का उठल्या. माण तालुक्यातल्या त्यांच्या गावाहून मीच त्यांना आणलं होतं. त्यांचा मुलगा सात वर्षांपूर्वी बर्फात गस्तीवर गेला, तो सापडलाच नाही. त्या सरळ कोपऱ्यात गेल्या. तो ग्लास उचलून पदराने पुसला, सुलटा ठेवला आणि त्यात पाणी ओतलं.

चमचे थांबले. दोन अधिकारी जागेवरून अर्धवट उठले. कर्नलसाहेब ताडताड तिथवर गेले. आता सगळ्यांदेखत बाईंना बोलणी बसणार, असं मला वाटलं.

"आई, हा पालथाच ठेवतात," ते म्हणाले. "जे आता येणार नाहीत, त्यांच्यासाठी."

"मग त्यांचा ठेवा की. माझा यायचाय अजून. आल्या आल्या पाणीच मागंल."

मुलाला मृत मानल्याचं पत्र गेल्याच महिन्यात घरी गेलं होतं. खाली सही कर्नलसाहेबांची होती. त्यांनी तो ग्लास तसाच सुलटा राहू दिला. मग वाढप्याला म्हणाले, "इथं एक ताट वाढ. गरम."

"वाढा," हौसाक्का म्हणाल्या, "पण झाकून ठेवा. त्याला उशीर होतो."