जखमीचा सराव

लंब्या आज नेहमीपेक्षा झकास मरतोय, असंच सगळ्यांना वाटलं. साबणाच्या बंद कारखान्यातल्या त्या लांबलचक खोलीत तो फरशीवर पडून टाचा घासत होता आणि भिंतीला टेकलेली पलटण टाळ्या पिटत होती.

त्यांना तरी काय दोष द्यायचा? पुढे जायचा हुकूम आज येतो, उद्या येतो म्हणता म्हणता सगळी थंडी सरली होती. झोपतानाही बूट काढायचे नाहीत, बंदूक उशाशी. रिकामे हात एकमेकांच्या गळ्याला जातील म्हणून हवालदारानं रोजचा सराव लावून दिला. अर्धे जण शत्रू, अर्धे आपले. संगिनी म्यानात ठेवून झोंबाझोंबी करायची, एकानं जखमी व्हायचं, विटांचा चुरा कालवलेलं लाल पाणी अंगावर ओतून घ्यायचं आणि बाकीच्यांनी त्याला उचलून न्यायचं. जखमी नेहमी लंब्याच, कारण त्याच्याइतकं कळवळून कुणाला ओरडता येत नसे. पण रोज मरे त्याला कोण रडे?

मलमपट्टी करणाऱ्या शिपायाला सगळे वैदू म्हणत. सवयीनं तो लंब्याच्या मांडीवर वाकला, हात टेकवला आणि झटकन मागे घेतला. पाणी गरम होतं.

जांघेत दोन बोटं जातील एवढं भोक होतं. त्यातून रक्त उसळायचं, थांबायचं, पुन्हा उसळायचं. वैदूनं दोन्ही मुठी तिथे रोवल्या आणि अंगाचा सगळा भार टाकला.

"मलमपट्टीची पिशवी आणा. खरं लागलंय याला."

"रोजच खरं लागतं," कुणीतरी म्हणालं. खोली हसली.

"अरे, आईशप्पथ सांगतो, खरं रक्त आहे."

"आज वैदूपण रंगात आलाय."

हवालदार घड्याळाकडे बघत होता. "बोलण्यात वेळ घालवू नकोस, वैदू. कालच्यापेक्षा मागे आहेस."

हात काढावा तर लंब्या जाणार, न काढावा तर पिशवी येणार नाही. वैदूला रडू फुटलं. लंब्याचे ओठ पांढरेफटक पडले होते. "वैदू," तो म्हणाला, "यांना सांग ना रे, मी नाटक नाही करत."

तेवढं वाक्य मात्र सगळ्यांना ऐकू गेलं आणि दिवसातला सगळ्यात मोठा हशा त्यालाच मिळाला.

हसू थांबलं ते रक्त पुढच्या ओळीतल्या बुटांखाली येऊन चिकट लागलं तेव्हा. एक जण पिशवी घेऊन धावला. पट्टा आवळेपर्यंत लंब्याच्या टाचा थांबल्या होत्या. तरी वैदू दाबत राहिला, उगाच.

समोर साबणाच्या खोक्यावर मास्तर बसला होता. सैन्यात येण्याआधी शाळेत शिकवायचा, म्हणून मास्तर. शत्रूच्या बाजूनं आज तोच लंब्याच्या अंगावर गेला होता. त्याच्या संगिनीवर म्यान नव्हतं. मान खाली घालून तो शांतपणे बुटाच्या नाड्या सोडत होता.

"हे काय केलंस, मास्तर?" वैदूनं विचारलं.

"सुरुवात," मास्तर म्हणाला. "कुणीतरी करायलाच हवी होती. आता मला झोप लागेल."

दुसरा बूट निघायच्या आत बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर बसला. मग दुसरा, मग मोजदाद राहिली नाही. दात फरशीवर उडाले. हवालदार "थांबा" म्हणाला, एकदाच, तेही हळू. कुणी शिवी दिली नाही, कुणी धापही टाकली नाही. लंब्याचं डोकं मांडीवर घेऊन वैदू बघत राहिला. इतके दिवस पेंगणारी ती माणसं एवढी चपळ असतील, असं त्याला कधी वाटलं नव्हतं.