रेषा नसलेली बोटं

यंत्राच्या काचेवर मी डाव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट पुन्हा दाबून धरलं. ठसा पुन्हा उमटलाच नाही.

"आठ प्रकारच्या बुद्धिमत्ता असतात. कुणात कुठली किती, ते जन्मतःच बोटांवर लिहिलेलं असतं," समुपदेशक बाबांना समजावत होते. दहावीनंतर माझं काय करायचं ते ठरवायला बाबा मला इथे घेऊन आले होते. "बाकी सगळं कळलं. संगीताचं मात्र याच दोन बोटांत असतं, आणि इथे रेषाच नाहीत! भाजलं होतं का गं?"

"नाही. सतारीच्या तारेनं झिजल्यात."

"मग महिनाभर सतार बंद ठेव. रेषा परत आल्या, की तुझ्यात संगीत आहे की नाही ते सांगतो."

मी बाबांकडे पाहिलं. रोज रियाज अर्ध्यावर थांबवून मला अभ्यासाला बसवणारे बाबा पहिल्यांदाच माझ्या बोटांवरचे काळे घट्टे निरखत होते.

"नको, सर," मी उठले. "जन्मतः आणलेलं होतं, ते मी घासून टाकलंय. आता तिथं जे आहे, ते माझं आहे."