वगळलेली ओळ

“आकड्यांच्या रकान्यात अक्षरं दिसली, की ती अख्खी ओळ उडवायची,” डेटा सायन्सच्या सरांनी पहिल्याच तासाला बजावलं होतं.

वर्गातल्या मायक्रोबायॉलॉजीच्या एका मुलीने प्रोजेक्टसाठी कॉलेजभरातलं पिण्याचं पाणी तपासलं होतं. जंतू वाढवायच्या बाकी काचेच्या प्लेटांवर त्यांचे तुरळक ठिपके होते. एकीवर मात्र ते इतके दाटले होते, की आकड्याच्या जागी तिने लिहिलं, ‘मोजता येत नाहीत’.

“मी आकडा मागितला होता, निबंध नाही,” सर सगळ्या वर्गासमोर डाफरले.

“पण सर, तेच पाणी सगळ्यात घाण आहे.”

“गणित झेपत नाही म्हणून जंतूंकडे वळलेली तुम्ही मंडळी. इथे अक्कल पाजळू नका.”

ओळ उडाली. ते पाणी कुठलं, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. स्क्रीनवर निकाल झळकला : कॉलेजचं सगळं पाणी पिण्यायोग्य.

“यापुढे मी सांगेन त्यावर एक अक्षर उलट बोललीस, तर प्रोजेक्टमध्ये नापास करीन. कबूल?”

ओठावर आलेलं सगळं गिळून ती म्हणाली, “कबूल, सर. शब्द देते.”

ओरडून ओरडून सरांच्या घशाला कोरड पडली होती. त्यांनी रिकामी बाटली तिच्यापुढे धरली. “जा, आमच्या स्टाफरूममधल्या कूलरचं गार पाणी भरून आण.”



उडवलेली ओळ त्याच कूलरची होती. बाटली घेऊन ती दिलेला शब्द पाळायला मुकाट्याने निघाली.