डावीकडे मारणारी बंदूक

"ही सरळ मारायला हवी, रेगुलाबाई," म्हणत बाल्त्स गिस्लरने बंदूक टेबलावर ठेवली. "नेमबाज मंडळाच्या शंभरीचा सामना आहे. सैन्यातून सुटताना ज्याला जी मिळाली, तीच चालणार. नाहीतर कशाला काढली असती हो मी ही भिंतीवरून?"

कोपऱ्यात चीज कापत बसलेल्या मेल्कच्या हातातली सुरी थांबली. याच बंदुकीने अकरा वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ फ्रिडो गेला होता. आणि हा बाबा ती दुरुस्तीला फ्रिडोच्याच बायकोकडे घेऊन आला होता! लाज म्हणून काही असते की नाही माणसाला?

रेगुलाने बंदूक उजेडाकडे वळवली. दस्ता आवळणारे दोन स्क्रू आणि नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी, तिन्ही ठिकाणी चौकशीच्या वेळची लाल लाख अजून होती, तज्ज्ञाच्या शिक्क्यासकट. ती फोडल्याशिवाय आत काही हलवता येत नव्हतं.

"फोडा ती खुशाल," बाल्त्स म्हणाला. "चौकशी कधीच मिटली. हातभर डावीकडे फेकते मेली, तुमचा हात लागल्याशिवाय सुधारायची नाही."

"महिन्याने या," रेगुला म्हणाली.

तो गेला तसा मेल्क उसळला. "वहिनी, त्याच्या तोंडावर फेकायची होतीस ती!"

"आलेलं काम मी परत पाठवत नाही," ती म्हणाली.

फ्रिडो चांदमारीवर खंदकात बसायचा आणि कुणाची गोळी कुठे लागली ते काठीने दाखवायचा. त्या रविवारी वाऱ्याने पडलेला बावटा उभा करायला तो वर आला, निशाणाच्या फळ्याच्या हातभर डावीकडे. बाल्त्सची गोळी बरोबर तिथेच आली. "माणूस दिसलाच नाही हो, नेम फळ्यावर होता, बंदुकीचा दस्ता वाकलाय," म्हणून तो ढसाढसा रडला. ज्याची बंदूक, त्याच्याच हाताला ती कळते, अशी इथल्या सगळ्यांची समजूत. म्हणून चौकशीतही गोळ्या त्यालाच झाडायला दिल्या. पाचही हातभर डावीकडे गेल्या. झालं, अपघात ठरला! आदल्याच आठवड्यात कुरणाच्या हद्दीवरून हा फ्रिडोला भर खानावळीत "बघून घेईन" म्हणाला होता, ते मात्र एकालाही आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी रेगुला एकटीच बंदूक घेऊन चांदमारीवर जाऊन आली. निशाणाचा कागद घडी करून तिने ॲप्रनच्या खिशात घातला.

"किती डावीकडे मारते?" मेल्कने विचारलं.

"जेवून घे. बटाटे निवतायत."

मग रोज दुकानाच्या बंद दारामागून कानशीचा आवाज यायला लागला. बाल्त्स रस्त्याने जाता-जाता तो ऐकून मिशीत हसायचा. मेल्कच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वहिनीचा हात किती तयार आहे, ते त्याला ठाऊक होतं. तिने मनावर घेतलं तर त्या नालायकाच्या डोक्यावर सामना जिंकणाऱ्या नेमबाजांच्या राजाचा हार ठरलेलाच!

एकदा ती पोस्टात गेली असताना तो हातोडी घेऊन दुकानात शिरला. माशी जराशी तिरकी केली की काम फत्ते. भर गावात त्या बाल्त्सचं हसं होईल. त्याने हातोडी उचलली आणि मागून मनगट धरलं गेलं.

"त्या माशीला हात लावलास, तर या घराची पायरी चढू नकोस!"

वहिनीला इतकी संतापलेली त्याने कधी पाहिली नव्हती. तो मागे सरला. माशी मेणबत्तीच्या काजळीने काळीकुट्ट झाली होती. उन्हात चमकू नये म्हणून तसं सगळेच करतात. वहिनीने तर स्क्रूसुद्धा काळे केले होते. काय ही टापटीप, आणि कुणासाठी!

"अकरा वर्षं माझं रक्त उकळतंय," मेल्कचा आवाज फाटला. "आणि तू त्याला राजा करायला निघालीस? टाळ्याही वाजवणार असशील!"

"वाजवणार," ती म्हणाली. "सगळ्यांच्या आधी."

सामन्याच्या सकाळी तिने बंदूक बाल्त्सच्या हातात दिली. त्याने दहा गोळ्या झाडल्या. दहाही काळ्या वर्तुळात बसल्या, त्यातल्या सात तर ऐन मध्यावर. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि पहिली टाळी खरोखरच रेगुलाची होती. मेल्कने मान फिरवली. त्याला तिचं तोंडही बघवेना.

बाल्त्सच्या डोक्यावर पानांचा हार चढला. तो गहिवरून बोलायला उभा राहिला. "मंडळी, हिनेच आमचा फ्रिडो नेला. हातभर डावीकडे फेकायची. आपल्या रेगुलाबाईंनी ती सरळ केली! त्यांचा हात लागला नसता, तर आज मला साधा फळासुद्धा लागला नसता. देवाशपथ सांगतो!"

बायकांनी डोळे पुसले. मंडळाचे अध्यक्ष इम्होफ यांनी रिवाजाप्रमाणे राजाची बंदूक सगळ्यांसमोर टेबलावर ठेवली. "रेगुला, तपासणी तुझी."

"माझी नको. तुम्हीच करा," रेगुला पुढे आली. "चौकशीच्या कागदावर सही तुमचीच होती ना?"

तिने फडकं तेलात भिजवलं आणि पहिला स्क्रू पुसला. मग दुसरा. मग माशी. इम्होफ चष्मा सावरत वाकले, आणि वाकलेलेच राहिले. काजळीखालून लाल लाख वर आली होती. तिन्ही शिक्के स्पष्ट दिसत होते, एकालाही साधी चीर नव्हती.

बाल्त्सचा हात डोक्यावरच्या हाराकडे गेला.

"मोठ्याने सांगा, अध्यक्ष," रेगुला म्हणाली. "मी हिला फक्त काजळी लावली."