पट्टेरी माशांचं पाणी

सुमेधा गेल्याचं कळवायला इस्पितळाचा माणूस सायकलवरून आला, तेव्हा त्र्यंबक तिच्या माशांना खायला घालत होता. हातातली चिमूट हातातच राहिली. "माझे मासे सांभाळा," एवढंच ती आदल्या दिवशी म्हणाली होती.

नौपाड्यातल्या त्या घरात खिडकीशी काचेची पेटी होती. खाऱ्या पाण्यात दोन पट्टेरी मासे. चेंदणीची गंगुबाई कोळीण घागरीतून समुद्राचं पाणी आणून द्यायची. जुनं पाणी सुमेधा तिच्याच हाती परत दर्यात सोडायला द्यायची.

दहावं-तेरावं उरकलं. अस्थींचं मडकं परसातल्या जांभळीला टांगलेलंच राहिलं.

"त्र्यंबकराव, नाशिकला कधी निघता?" सासूबाई, मंदाकिनीबाई, विचारत. "माझी पोर अजून झाडाला लटकलीय हो."

"उद्या निघतो, आई."

त्याच्याने निघवत नव्हतं. ते मडकं सोडलं की सगळंच संपणार होतं.

अशात पेटीतलं पाणी गढूळ झालं. त्याने खाणं निम्म्यावर आणलं. पाणी फडक्यातून गाळलं. पेटी उन्हातून हलवली. खालच्या वाळूत शिंपल्यांचा पांढरा चुरा फार दिसला, म्हणून ती काढून मोरीपाशी टाकली. सकाळी भरलेलं पाणी संध्याकाळी पुन्हा पांढुरकं. जुनं पाणी दर्यात न्यायला गंगुबाई येईपर्यंत त्याला धीर धरवत नव्हता. सासूबाई देवळात गेल्या की तो गढूळ पाण्याच्या बादल्या मोरीत ओती आणि तिने भरून ठेवलेल्या घागरीतलं ताजं पाणी पेटीत घाली.

"गंगुबाई, खाडीचं पाणी आणतेस की काय?"

"आवो, भर दर्यातलं हाय! चाटून बघा. तुमच्याच घरात कायतरी पडतंय त्यात."

मंदाकिनीबाईंची जपमाळ थांबली. "खरंच समुद्राचं ना गं?"

"देवाशपथ, आजी."

"मग बरं." माळ पुन्हा फिरू लागली.

एक मासा मेला. त्र्यंबकला बसवेना, उभं राहवेना. दर घटकेला तो काचेशी जाऊन वाकून बघे. शेवटी उरलेला मासा त्याने गंगुबाईच्या घागरीत घातला. "दर्यात सोड," म्हणाला. आता थांबायला कारण उरलं नव्हतं. तो परसात गेला आणि त्याने मडकं खाली काढलं.

ते हलकं लागलं. त्याने फडकं सोडलं. आत काही नव्हतं.

"तुमच्याने निघवत नव्हतं," मागून मंदाकिनीबाई म्हणाल्या. "म्हणून रोज मूठभर मीच पेटीत सोडत गेले. समुद्राचं पाणी, परत समुद्रातच जाणारं. पोचली ना हो माझी पोर?"

त्र्यंबकने मोरीकडे पाहिलं. तिथला वाळूचा ढीग अजून उचलायचा राहिला होता.