खोटा फोल्डर

"फाईल सापडली नाही." सकाळीच आलेल्या नव्या मशीनच्या स्क्रीनवर सातव्यांदा तीच लाल ओळ आली. संघप्रियानं खुर्ची मागं ढकलली.

"अगं, फोल्डर केलास का?" शेजारच्या टेबलावरून शिवलीलानं विचारलं. "शिकवलं होतं की, नवीन मशीन आलं की पहिला तो करायचा. जुन्या विंडोजमध्ये होता त्याच नावाचा. माझ्या मशीनवरचं सगळं उचलून आत टाक, लगेच होतंय की."

नवी पेठेत, साडीच्या दुकानावरच्या या ऑफिसात चार वर्षं हेच चाललं होतं. विंडोज बदललं तशी प्रोग्राम तयार करायची साधनं दुसऱ्या जागी गेली, पण ती साधनं आपोआप चालवणाऱ्या, शरणबसव सरांनी लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये पत्ता जुनाच राहिला. सरांना सांगायची कुणाची छाती नव्हती. त्यापेक्षा प्रत्येक नव्या मशीनवर जुन्या नावाचा खोटा फोल्डर करायचा आणि जुनी साधनं त्यात कोंबायची, हे सोपं. नवीन माणूस आला की चहाच्या आधी त्याला हे शिकवत.

संघप्रियाचे तीन महिने आज भरत होते. तिला कायम करायचं की नाही, हे सर ठरवणार होते. आणि चारच्या आत माढ्याकडच्या एका साखर कारखान्याला वजनकाट्याचा प्रोग्राम पाठवायचा होता.

तिनं फोल्डर केला नाही. स्क्रिप्टच उघडली.

दीड वाजता सर आले. "अजून न्हाय झालं? फोल्डर कर आन् मोकळी हो."

"न्हाय करणार, सर."

शिवलीलाचा हात कीबोर्डवरच थांबला.

"त्यातली साधनं चार वर्षं जुनी हायत. त्यांच्यावर केलेला प्रोग्राम मागच्या महिन्यात कारखान्याच्या नव्या कॉम्प्युटरवर बंद पडला. दोन तास काटा बंद, उसाचे ट्रॅक्टर पार रस्त्यापर्यंत. फोनवर शिव्या कुणी खाल्ल्या? मी खाल्ल्या."

"मग काय करायचं म्हणतीस?"

"या मशीनवर साधनं कुठं हायत ते स्क्रिप्टनंच आधी शोधायचं. आठ ओळी लागल्या. लिहिल्यात मी."

"माझ्या स्क्रिप्टला हात लावलास?" सरांचा आवाज चढला. "अय्यो! चार वर्षं चाललंय ते, तू काल आलीस. बाकीच्यांची मशीनं बंद पडली तर?"

"तुमचं मशीन सगळ्यात जुनं हाय. तिथंच चालवून बघा की."

सर तावातावानं जाऊन बसले. त्यांच्या जुन्या विंडोजवर प्रोग्राम बिनबोभाट तयार झाला. मग ते तिच्या टेबलाशी आले. नव्यावरही झाला. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पाहिलं.

"चाललं," ते म्हणाले. "पण मला न विचारता केलंस. तुला कायम करायचं पत्र माझ्या टेबलावर हाय. सही व्हायचीय अजून, ठाऊक हाय ना?"

"ठाऊक हाय, सर."

सकाळी तिला भीती वाटली होती. आता नुसता राग होता, आणि तो तिला बरा वाटत होता. नवी स्क्रिप्ट तिनं सरांच्या देखत सगळ्यांच्या सर्व्हरवर चढवली.

"गेली सगळ्यांकडं," ती म्हणाली. "आता सही करा, न्हायतर ऱ्हाऊ द्या."