शेजारची सीट

जीपमधल्या लॅपटॉपचा स्टँड शेजारच्या सीटच्या बोल्टांवर बसतो. डोंगरातल्या आडवाटांवर रस्ता बघायला मालकाला लॅपटॉप समोर हवा होता. पण सीट डॅशबोर्डकडे बरीच पुढे ओढलेली, बोल्टापर्यंत हातच जाईना. मिस्त्रीने ती सरळ मागे ढकलली, स्टँड पक्का आवळला आणि शाबासकीची वाट बघत उभा राहिला.

मालकाने स्टँडकडे पाहिलंसुद्धा नाही. "सीट मागे कोणी घेतली?"

"मीच. अहो, इतक्या पुढे माणूस बसणार कसा?"

"बायको बसायची. उंचीने एवढीशी. काचेला नाक लावून मला रस्ता सांगायची."

"मग त्यात काय! वहिनी बसल्या की घेतील पुढे," मिस्त्री हसत म्हणाला.

मालक खाली वाकला. खटका ओढून त्याने सीट एक खाच पुढे घेतली, मग आणखी एक, मग परत मागे. वर न बघताच तो म्हणाला, "ती गेल्यापासून मी हिला हात लावला नव्हता. कितव्या खाचेत होती, आठवतंय का हो तुम्हाला?"